मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे

नोकरी सोडून गाडीत राहायला गेलेल्या जोडप्याकडे किस्से असणारच, असं लोक धरून चालतात. लग्नात, बारशात, कुठेही कोणीतरी हातात प्लेट घेऊन खुर्ची सरकवत जवळ येतं. "सांगा ना, लडाखला काय झालं? बॉर्डरवर अडवलं का?"

किस्से माझ्याकडे ढिगाने आहेत. पण ते सगळे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडचे, मुंबईची हद्द ओलांडायच्या आधीचे! पूर्णवेळ भ्रमंतीला निघालेलं आमचं जोडपं पहिले दोन महिने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि कांजूरमार्ग एवढ्याच मुलखात फिरत होतं. असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. डोकं फिरलं की एक जमा होतो. माझं डोकं रोज फिरतं.

आधी माणसं सांगते. मी नंदा. एका मराठी दैनिकात सव्वीस वर्षं. त्यातली अठरा रस्त्यावर, बातमीदार म्हणून, आणि उरलेली आठ 'डेस्क'वर. डेस्क म्हणजे एसीखाली बसून दुसऱ्यांच्या बातम्यांमधले 'सदर' आणि 'उपरोक्त' खोडायचं काम. माझे वडील बुलढाण्याकडून घाटकोपरला आले आणि आयुष्यभर उभ्याने राबले. पोरीला बसून काम मिळावं, हा त्यांचा हट्ट. मिळालं. पण आठ वर्षं बसून बसून मला राग यायचाच बंद होईल की काय, अशी भीती वाटायला लागली, तेव्हा उठले.

नवरा विलास. मूळचा मालवणकडचा, वाढला भांडुपला. अंधेरीच्या एका विमा कंपनीत क्लेम विभागात चोवीस वर्षं. शांत माणूस. इतका शांत, की घरात आहे की नाही हे बघायला हाक मारावी लागते. मूल नाही. हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच उरकून टाकते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. विलासला गाडी चालवता येत नाही. गाडी मी चालवते, गाडी माझ्या नावावर आहे. हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्या वेळा बोलले, की छापून दारावर चिकटवायला हवं होतं.

*

राजीनामा घेऊन संपादकांकडे गेले. आमचे संपादक माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. केबिनमध्ये उभ्याने लॅपटॉप वापरतात, कारण बसणं तब्येतीला वाईट असतं म्हणे. मला आठ वर्षं बसवलं ते चालतं!

"ताई, सरांची बदली झाली का?"

"सरांची नाही. माझी. डेस्कवरून रस्त्यावर."

"म्हणजे परत रिपोर्टिंग?"

"नाही. नुसता रस्ता."

त्यांनी मला एचआरकडे पाठवलं. तिथे एक गोड मुलगी. कॉम्प्युटरवर फॉर्म. महिला कर्मचारी म्हटल्यावर राजीनाम्याच्या कारणांची वेगळी यादी उघडली: विवाह, प्रसूती, पतीची बदली, कौटुंबिक जबाबदारी. संपली यादी. 'अन्य' नाही!

"यातलं एकही नाही," मी म्हटलं.

"ताई, काहीतरी टिक करा ना. नाहीतर फॉर्म पुढे जात नाही."

"अगं, मी एक्कावन्न वर्षांची आहे!"

"हो ना, म्हणून तर म्हणते, प्रसूती नको."

शेवटी 'विवाह' टिक केलं. एकवीस वर्षांपूर्वी झालेल्या लग्नासाठी मी नोकरी सोडली, अशी आमच्या पेपरच्या दप्तरी नोंद आहे.

निरोपाला मला काय दिलं? कुकर! "गाडीत उपयोगी पडेल, ताई." सव्वीस वर्षांत तीन मंत्र्यांना घाम फोडलेल्या बाईला कुकर. त्याच आठवड्यात विलासला त्याच्या ऑफिसने निरोपाला काय दिलं असेल? ड्रायव्हिंगचे ग्लोव्हज! लेदरचे!

ते ग्लोव्हज मी लगेच काढून घेतले. कुकर विलासला दिला. तसाही स्वयंपाक तोच करतो.

पण विलासच्या निरोपात एक गोम होती. त्याचे साहेब, देसाई, त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "विलास, असा निर्णय झटक्यात घ्यायचा नसतो. हा राजीनामा मी वर पाठवत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत रजा लावतो. मन बदललं तर ये, खुर्ची तुझीच आहे."

हे विलासने मला घरी येऊन, भाजी चिरता चिरता, मान वर न करता सांगितलं.

"मग तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो."

थँक यू!

*

गाडी कांजूरमार्गला मिळाली. कॉल सेंटरची माणसं ने-आण करून दमलेली जुनी मिनीबस. ती आतून बदलायला घाटकोपरच्या एका वर्कशॉपमध्ये टाकली. बेड, ओटा, पाण्याची टाकी, मागे एक बाक. तिथला मिस्त्री हाताने उत्तम, पण माझ्याकडे बघायचंच नाही, अशी कोणीतरी त्याला शपथ घातलेली.

"साहब, भाभी को किचन किधर चाहिये?"

"किचन साहब को चाहिये," मी म्हटलं. "भाभी को स्टिअरिंग चाहिये."

तो हसला. विलाससुद्धा हसला. विनोद नव्हता तो!

मी सगळी मापं कागदावर लिहून, सही करून दिली होती. जुनी सवय, तोंडी काही ठेवायचं नाही. ड्रायव्हरच्या सीटचं माप तर लाल पेनाने लिहिलं होतं, कारण मी पाच फूट आणि विलास पाच अकरा. तीन आठवड्यांनी गाडी घ्यायला गेलो. मी सीटवर चढले, पाय खाली सोडले. पाय क्लचला पोचेनात! सीट मागे पक्की वेल्ड केलेली.

"ये किसके नाप का है?"

"साहब के नाप का." चेहऱ्यावर अभिमान.

"साहब को गाड़ी नहीं आती!"

मिस्त्रीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग विलासकडे. मग परत माझ्याकडे. "भाभी चलायेगी? पूरा?"

"नहीं, आधा. बाकी आधा तुम पीछे से धक्का मारना!"

वेल्डिंग कापून सीट पुढे घ्यायला आणखी चार दिवस गेले. ते चार दिवस विलास मिस्त्रीला चहा पाजत होता. का, तर म्हणे त्याला वाईट वाटलं असेल!

*

आमचा मुलुंडचा फ्लॅट तोवर भाड्याने गेला होता. अकरा महिन्यांचा करार, बँकेत काम करणारं तरुण जोडपं, काहीच तक्रार नाही. तक्रार आहे सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल.

त्यांना आमचा नवा पत्ता हवा होता. मी गाडीचा नंबर दिला. म्हणाले, "हा पत्ता नाही." मी म्हटलं, "आम्ही तिथेच राहतो." म्हणाले, "पत्ता म्हणजे जो हलत नाही तो." मी विचारलं, हे कुठल्या नियमात लिहिलंय ते लेखी द्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

कागदपत्रं अडकली होती, ते पुढे सांगते. पण त्यामुळे शहराबाहेर पडता येईना, आणि शहरात गाडी उभी करायला जागा तर हवी! म्हणून एका दुपारी मी ती आमच्याच सोसायटीत आणली. गेटवर यादव. एकोणीस वर्षं आमचा वॉचमन. माझी बातमी आली की तो मोठ्याने वाचायचा. त्याने हात आडवा केला.

"मॅडम, पार्किंग अब किरायेदार का है. आप व्हिजिटर में. चार घंटा."

"यादव, मी मालकीण आहे!"

"मालूम है मॅडम. सेक्रेटरी साब का ऑर्डर है. रजिस्टर में एंट्री करो."

रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, 'कोणाला भेटायचे आहे'. मी इतकी भडकले होते, की त्या रकान्यात माझंच नाव आणि माझाच फ्लॅट नंबर लिहिला.

यादव नियमाचा पक्का. त्याने इंटरकॉम लावला, ऐकलं, आणि अगदी दुःखाने मला म्हणाला,

"मॅडम, आप घर पे नहीं हो."

*

विलासच्या भांडुपच्या वहिनींना बातमी कळली ती अशी: नंदा आणि विलास कांजूरला रस्त्यावर राहतायत. बस्स, एवढीच! आम्ही तेव्हा गाडी कांजूरला एका ओळखीच्या गॅरेजच्या आवारात लावली होती. दुसऱ्या दिवशी वहिनी रिक्षाने हजर. हातात भाकऱ्यांचा डबा, डोळ्यांत पाणी.

मी पुढे, काचा पुसत होते. वहिनी मागच्या दाराने चढल्या. बेड बघितला, ओटा बघितला, नळ सोडून बघितला. आणि माझ्या कानावर येईल इतक्या 'हळू' आवाजात विलासला विचारलं,

"भावजी, तिनं तुमका घराभायर काढल्यान काय?"

एकवीस वर्षं! एकवीस वर्षं या घरात काहीही झालं, तरी ते मी केलेलं असतं. विलासला पित्त झालं तरी मी. गावी नारळ कमी लागले तरी बहुधा मीच. मी फडका टाकून मागे निघाले होते, एवढ्यात विलासचा आवाज आला.

"नाय गे वैनी. दोघांय वांगडाच भायर पडलंव."

वांगडाच, म्हणजे बरोबरच! वहिनींनी डोळे पुसले. म्हणाल्या, "मग त्यो भाकऱ्यो चार कमी पडतल्यो."

*

आता कागदपत्रं.

गाडीत बेड आणि ओटा बसवला की ती जुन्या कागदांवर चालत नाही. आरटीओकडून बदलाची मंजुरी घ्यायची आणि मग पासिंग. ते होईपर्यंत आमच्याकडे फक्त एक तात्पुरती चिठ्ठी होती. शहरात फिरवा, शहराबाहेर नाही. बाहेर नेली आणि काही झालं तर विमा लागू नाही. क्लेम विभागात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. पासिंगशिवाय विलास चेकनाका ओलांडणार नव्हता.

कुठलं आरटीओ ते सांगत नाही. सगळी सारखीच. पहिल्या खेपेला इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, पडदे काढा. दुसऱ्या खेपेला म्हणाले, गॅसच्या जोडणीचं सर्टिफिकेट आणा. तिसऱ्या खेपेला सर्टिफिकेट बघून म्हणाले, "हे ठीक आहे, पण पडदे का काढले? खिडकीला आच्छादन हवं." आणि हे सगळं विलासकडे बघून!

तिन्ही खेपांना मी भांडले. नियम क्रमांक विचारला, नाव आणि हुद्दा लिहून घेतला. तिन्ही खेपांना फाइल ढिगाच्या तळाशी गेली.

आता यातून सरळ वाट सगळ्या मुंबईला माहीत आहे. आरटीओबाहेर चहाच्या टपरीवर एजंट बसतात. फाइल त्यांच्या हातात दिली की आठवड्यात पासिंग. पण मी बाराएक वर्षांपूर्वी याच एजंट लोकांवर सहा भागांची मालिका केली होती. फोटोसकट! मी एजंटकडे जाणार? मेले तरी नाही.

तिसऱ्या खेपेनंतर टपरीवर चहा घेत होतो. एक पोट सुटलेला इसम आमच्याकडे बघत बघत जवळ आला आणि माझ्या पायाच पडला.

"ताई, वळखलं नाय? मी बबन!"

मालिकेचा दुसरा भाग. पहिल्या पानावर, तीन कॉलम, फाइल घेताना रंगेहाथ. तो हाच.

"ताई, तुमचे लय उपकार." त्याने बॅगेतून काहीतरी काढलं. माझीच बातमी! कापून, लॅमिनेट करून. त्याच्या फोटोभोवती लाल वर्तुळ. "नवीन कस्टमर आला ना, की पैलं हेच दाखवतो. बोलतो, बघ, पेपरवाले पण बोलतात, आपलं काम होतंच!"

सहा भाग. दोन महिने उन्हात उभी राहिले होते मी त्या मालिकेसाठी. आणि तिची एकुलती एक प्रत जिवंत आहे ती बबनच्या बॅगेत, जाहिरात म्हणून!

"तुमची फाइल द्या ताई. तुमच्याकडून काय घेणार नाय. घरचं काम."

विलासने फाइल पुढे केली. खरंच केली! मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली तेव्हा चहा सांडला. परत येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला.

"फुकट करत होता गं तो."

*

चौथ्या खेपेसाठी तारीख मिळाली, सकाळी अकराची. आम्ही रात्री आरेत गाडी लावली होती, तिथून निघून वाटेत बोरिवलीला थांबलो होतो, विलासला पोहे करायचे होते म्हणून. गाडी पांढरी, बाजूला निळा पट्टा. मागचं दार उघडं. मी टायर बघत होते. मागे वळून बघते, तर दाराशी सात माणसं रांगेत. हातात आधार कार्डं!

"शुगर चेक करणारी गाडी ना ही?" पहिल्या आजींनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं.

"मग बीपीची?"

विलासने आजींना आत बाकावर बसवलं, पाणी दिलं. आजींना तो डॉक्टर वाटला. शांत माणूस आणि नाकावर चष्मा, एवढ्याने होतो माणूस डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मी उपाशी आलेय. चालेल ना?"

आणि हा शहाणा म्हणतो, "उपाशी कशाला? पोहे खा."

इथवर ठीक होतं. पण मी सहज विचारलं, "आजी, गाडीची वाट कशाला बघता? समोर दवाखाना आहे की." तर आजी म्हणाल्या, "तो उघडतो कुठे बाई? चार दिवस झाले, कुलूपच आहे."

झालं! माझं डोकं गेलं. सात म्हातारी माणसं उपाशी पोटी रस्त्यावर रांग लावतात, समोर सरकारी पाटी लटकतेय, आणि दाराला कुलूप? मी रस्ता ओलांडला. चौकीदाराला हलवलं. त्याने एक नंबर दिला, त्या नंबराने दुसरा दिला. मी सगळ्यांची नावं लिहून घेतली. पावणेबाराला एक कंपाउंडर धावत आला, कुलूप उघडलं. सातही जणांची शुगर तपासून होईपर्यंत मी दारात उभी. आजींची शुगर चांगलीच वाढलेली निघाली. पोहे!

आरटीओत पोचलो तेव्हा एक वाजला होता. खिडकीतल्या क्लार्कने आमचं नाव खोडलेलं. पुढची तारीख बघून सांगितली. महिन्याचा शेवटचा दिवस.

विलासने संध्याकाळी बेडखालून इस्त्री काढली आणि एक फॉर्मल शर्ट इस्त्री केला.

*

"देसाई साहेबांनी चहाला बोलावलंय," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "पाच मिनिटं."

मी त्याला अंधेरीला त्याच्या ऑफिससमोर सोडलं. गाडी लावायला जागा नाही. ट्रॅफिक पोलीस दोनदा येऊन गेला. दोनदा विचारलं, "ड्रायव्हर कुठे गेला?" दोन्ही वेळा मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. पाच मिनिटांचे तीन तास झाले.

विलास आला. चेहरा तजेलदार! दोन महिन्यांत असा बघितला नव्हता.

"चहा प्यायला तीन तास?"

"जरा बसलो खुर्चीवर."

"आणि?"

"फाइल्स पडल्या होत्या."

"किती केल्यास?"

"दोनच." मग सीटबेल्ट ओढत, "एक आगीची होती. इंटरेस्टिंग होती गं."

मी गाडी बाजूला घेतली. मागे हॉर्न वाजायला लागले, वाजू देत म्हटलं. "विलास, तुला यायचंय की नाही? सरळ सांग!"

तो चिडत नाही. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मला यायचंय. तुझं काय ते तू सांग. तुला प्रवास करायचाय की भांडायचंय?"

"मी भांडते म्हणून त्या आजींची शुगर कळली!"

"हो. आणि म्हणून आपली तारीख गेली." त्याचा आवाज अजून तेवढाच. "दोन महिने मी गाडीत बसतो आणि तू खाली उतरून भांडतेस. मी तिथे बसून काय करतो, कधी बघितलंस? तिथे खुर्चीवर बसलो तर निदान फाइल तरी पुढे सरकते. नंदा, महिनाअखेरीला पासिंग झालं नाही, तर एक तारखेला मी कामावर जाणार. तू जा खुशाल. मी अडवणार नाही."

तू जा खुशाल! एकवीस वर्षांत याच्याशी भांडायला मिळावं म्हणून मी तरसले होते. आणि मिळालं तेव्हा मी काय केलं? गाडी सुरू केली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातून गाडी बंद पडली, जोगेश्वरीच्या चौकात, मधोमध.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी विलासने तोच इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाला, "आज तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही. बोललीस तर मी तिथूनच रिक्षा पकडून अंधेरीला जातो."

"आणि तो काही वाट्टेल ते बोलला तर?"

"तरी नाही."

"पण अगदीच..."

"नंदा."

मी तोंड मिटलं.

आरटीओचा ट्रॅक म्हणजे मागच्या मैदानात आखलेला एक गोल रस्ता, मध्ये एक चढ, एक वळण. एक राउंड मारायचा, ब्रेक दाखवायचे, संपलं. तेच इन्स्पेक्टर साहेब फाइल घेऊन आले. पंचावन्नच्या घरातले, चष्मा कपाळावर. पडदे बघितले, सर्टिफिकेट बघितलं. काहीच सापडेना, तेव्हा विलासला म्हणाले, "हं, घ्या गाडी ट्रॅकवर."

विलास डाव्या दाराकडे गेला, मी उजव्या. चढून बसले.

"मॅडम, तुम्ही उतरा. साहेबांना घेऊ दे. मोठी गाडी आहे."

माझ्या तोंडात सहा वाक्यं तयार होती. सहाही छापण्यालायक! मी स्टिअरिंग असं आवळलं, की बोटं पांढरी पडली. एक शब्द नाही.

"मला गाडी येत नाही," विलास म्हणाला.

"काय?"

"चालवता येत नाही. ही चालवते."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि अर्जात लिहिलंय, देशभर फिरणार. सगळी ही चालवणार?"

"हो."

"मग तुम्ही काय करणार?"

विलास विचार करायला लागला. तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर विचार केल्याशिवाय देत नाही. पगार त्याचाच घेतला त्याने चोवीस वर्षं. मी समोर बघत होते. गेटबाहेर रिक्षांची रांग लागलेली. एक तर अगदी दारातच उभी, मीटर वर केलेली.

"मी शेजारी बसणार," विलास म्हणाला.

"नुसतं बसणार?"

"चोवीस वर्षं बसलोच होतो, साहेब. आता खिडकीशी बसतो."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग मागच्या दाराने चढले, बाकावर बसले. "घ्या."

मी गाडी काढली. चढ, वळण, ब्रेक. मागे ड्रॉवर उघडल्या-मिटल्याचे आवाज, नळ सोडल्याचा आवाज. आरशात दिसलं: साहेबांनी ओट्यावर फाइल ठेवून सही केली, शिक्का मारला, आणि कागद पुढे विलासच्या हातात दिला. झालं! पाच खेपांचं काम एका राउंडमध्ये, आणि मला ओरडायचीही परवानगी नाही.

तेवढ्यात विलासचा फोन वाजला. देसाई साहेब. त्याने स्पीकरवर घेतला.

"विलास, आज शेवटचा दिवस. काय करू?"

"सर, वर पाठवा."

"नक्की?"

"हो, सर."

फोन ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने, खिडकीची काच खाली केली. मागून साहेबांनी विचारलं, "ऑफिस?"

"हो."

"काय पाठवायला सांगितलंत?"

"राजीनामा."

"किती सर्व्हिस राहिली होती?"

"नऊ वर्षं."

"माझी तीन राहिलीत," साहेब म्हणाले. मी गाडी ट्रॅकच्या तोंडाशी आणली आणि वेग कमी केला.

"मॅडम," साहेब म्हणाले. इतक्या खेपांत पहिल्यांदा माझ्याशी काही कामाचं बोलले. "अजून एक राउंड घ्या."

नियम एका राउंडचा! लिहिलेला आहे, तिथेच, भिंतीवर! मी तोंड उघडलं. विलासने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि दुसरा राउंड घेतला. आरशात बघते, तर साहेबांनी मागची खिडकी सरकवून कोपर बाहेर काढलेलं. चष्मा परत कपाळावर.

"अजून एक, मॅडम."

मागे टेम्पो, रिक्षा, स्कूलबस यांची ही रांग लागलेली. सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. ऑफिसमधून तो खिडकीतला क्लार्क धावत आला, ट्रॅकवर उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. "साहेब! साहेब, पुढच्या गाड्या!"

तिसरा राउंड संपत आला. उजवीकडे क्लार्क, समोर उघडं गेट आणि गेटापलीकडे हायवे. मी ब्रेकवर पाय ठेवला.

मागून साहेबांनी ओट्यावर बोटांनी टकटक केलं.

"इथे थांबवू नका, मॅडम."